आडवे-उभे शब्द जुळवणारा आर्थर विन

सिरसाळा (जि. बीड), प्रतिनिधी

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळ्यात सकाळचे वर्तमानपत्र आले की चहाच्या टपरीवर त्याची पाने सुटी होतात. कुणाच्या वाट्याला जिल्ह्याचे पान येते, कुणाला बाजारभाव मिळतात, कुणी क्रिकेटचे पान घेऊन बाकाच्या टोकाला सरकतो. राजकारणाचे पान ज्याच्या हाती लागते तो बोलू लागतो. शब्दकोड्याचे पान ज्याच्या हाती लागते तो मात्र गप्प होतो. खिशातले पेन निघते, कागदाची घडी गुडघ्यावर बसते आणि कपातला चहा निवत जातो. काही वेळाने एखादे घर अडते. मग चार अक्षरी शब्द, तिसरे अक्षर अमुक, अशी पुकार होते आणि टपरीवाल्यापासून एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशापर्यंत सगळेच त्या एका रिकाम्या घरापाशी येऊन थांबतात.

शहरातल्या लोकलच्या डब्यात आणि निवृत्तांच्या कट्ट्यावर हेच दृश्य दिसते. ज्याने हा नाद जगाला लावला तो कुणी भाषापंडित नव्हता, गणितीही नव्हता. तो वर्तमानपत्राचा पगारी नोकर होता. नाताळच्या अंकात एक जागा भरायची होती आणि ती त्याने भरली. त्याचे नाव आर्थर विन. ज्ञानकोशांत त्याच्या नावापुढे शब्दकोड्याचा जनक असे लिहिलेले असते. ज्या पानावर त्याचे अपत्य रोज छापले जाते, तिथे मात्र त्याचे नाव कधीच नसते.

बंदरातले बालपण

आर्थर विन यांचा जन्म २२ जून १८७१ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. लिव्हरपूल हे त्या काळी ब्रिटिश साम्राज्याचे मोठे बंदर होते. कापूस उतरत होता, माणसे चढत होती आणि अमेरिकेला जाणारी जहाजे भरून सुटत होती. विन यांचे वडील तिथल्याच एका वर्तमानपत्राचे संपादक होते. त्यामुळे छापील कागदाशी आर्थरची ओळख पाळण्यापासूनची म्हणावी लागेल.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज घरांत संध्याकाळी शब्दांचे खेळ रंगत. ओळींच्या आद्याक्षरांतून नाव निघणाऱ्या रचना केल्या जात. शब्दचौरस नावाचा एक जुना खेळही लोकप्रिय होता. त्यात शब्द एकाखाली एक असे मांडायचे की आडवे वाचले तरी आणि उभे वाचले तरी तेच शब्द मिळावेत. मराठीत पाहायचे तर पहिल्या ओळीत कसर, दुसरीत सहज आणि तिसरीत रजत असे लिहावे. आता वरून खाली वाचले तर पुन्हा कसर, सहज आणि रजत हेच शब्द हाती येतात. लहानपणी खेळलेला हा खेळ विन विसरले नाहीत, आणि पुढे चाळिशीत तोच त्यांच्या उपयोगी पडला.

वयाच्या १९ व्या वर्षी, जून १८९१ मध्ये, त्यांनी अमेरिकेची वाट धरली. पोलादाच्या कारखान्यांचे शहर असलेल्या पिट्सबर्गमध्ये ते काही काळ राहिले. तेथील 'पिट्सबर्ग प्रेस' या दैनिकात त्यांनी काम केले आणि शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिनही वाजवले. वादक आणि वार्ताहर अशी दुहेरी उपजीविका करणारा हा तरुण पुढे न्यूयॉर्कला गेला आणि 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात स्थिरावला.

एका रविवारची रिकामी जागा

'न्यूयॉर्क वर्ल्ड' हे जोसेफ पुलित्झर यांनी वाढवलेले वर्तमानपत्र. पुलित्झर १९११ मध्ये निवर्तले, पण खपाची चढाओढ त्यांच्या पश्चातही तशीच चालू राहिली. रविवारच्या अंकासोबत 'फन' नावाची रंजक पुरवणी निघत असे. व्यंग्यचित्रे, विनोद, कोडी असा तिचा ऐवज होता आणि कोड्यांची बाजू विन सांभाळत. पुरवणी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की सणाच्या अंकाला काहीतरी नवे लागते, आणि ते ठरल्या वेळेलाच लागते. १९१३ च्या नाताळापूर्वी विन यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती.

त्यांनी बालपणीचा शब्दचौरस काढला आणि त्यात एक मूलभूत बदल केला. जुन्या चौरसात आडवे आणि उभे शब्द एकच असत. विन यांनी आडवे शब्द वेगळे ठेवले, उभे वेगळे. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथले अक्षर तेवढे सामाईक राहिले. शिवाय जुन्या खेळांत तयार मांडणी वाचून नवल करायचे असे. विन यांनी घरे रिकामी ठेवली, प्रत्येक शब्दाची खूण शेजारी छापली आणि लेखणी वाचकाच्या हाती दिली.

२१ डिसेंबर १९१३, रविवार. 'फन' पुरवणीत हे कोडे आले तेव्हा त्याचे नाव होते 'वर्ड-क्रॉस'. आज आपल्याला दिसतो तसा तो काळ्या-पांढऱ्या घरांचा चौकोन नव्हता. पत्त्यातील चौकटसारखा त्याचा आकार होता आणि मध्यभाग पोकळ होता. वरच्या बाजूला पुरवणीचेच नाव असलेला 'फन' हा तीन अक्षरी शब्द भरून दिलेला होता. आता शब्दाच्या पहिल्या घरात फक्त एक आकडा असतो; तेव्हा शब्द कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत, असे दोन्ही आकडे द्यावे लागत.

पहिलेच कोडे, आणि तेही अवघड

या पहिल्या कोड्यातील काही खुणा अगदी सोप्या होत्या. एक पक्षी, कमीच्या उलट, शिकारी प्राणी, दिवसाचा शेवट. काही खुणा मात्र चांगल्या शिकलेल्या वाचकालाही घाम फोडणाऱ्या होत्या. रशियातील एक नदी विचारली होती, एक सुगंधी वनस्पती विचारली होती. सर्वांत कडी म्हणजे आग्नेय आशियातील गोमुती नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या तंतूचे नाव विचारले होते. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसलेल्या कारकुनाला हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. उत्तर होते डी-ओ-एच या तीन अक्षरांचा शब्द. तो शब्दकोशाबाहेर सहसा कुणी ऐकलेलाही नसतो.

पण विन यांच्या रचनेची किमया इथेच दिसते. या उभ्या शब्दाला तीन आडवे शब्द छेदतात. पहिला शब्द पक्ष्याचा, म्हणजे 'डव्ह'. त्यातून डी मिळतो. दुसरा शब्द कमीच्या विरुद्ध, म्हणजे 'मोअर'. त्यातून ओ मिळतो. तिसऱ्या शब्दाची खूण तर कोड्याबद्दलच होती. हे कोडे कसे आहे, असे तिथे विचारले होते आणि उत्तर होते 'हार्ड', म्हणजे अवघड. त्यातून एच मिळतो. आयुष्यात कधी न ऐकलेला शब्द तीन ओळखीच्या शब्दांच्या आधाराने वाचकाच्या हातून आपोआप लिहिला जातो.

अवघड शब्दकोडे सोडवण्याचे सारे शास्त्र या तीन अक्षरांत आहे. जे येत नाही त्याच्याशी झटापट करीत बसायचे नसते. जे येते ते आधी भरायचे, आणि मग न येणारे चहूबाजूंनी आवळले जाते. जाणते कोडेपटू पहिल्या आडव्या शब्दापासून क्रमाने जात नाहीत. सगळ्या खुणांवरून एकदा नजर फिरवतात, निःशंक उत्तरे तेवढी भरतात आणि भरलेल्या अक्षरांच्या आसपास काम चालू ठेवतात. एखादे उत्तर बसत असूनही छेदणारा शब्द जुळत नसेल तर चूक आपल्या खात्रीच्या उत्तरात आहे हे ते चटकन मान्य करतात. हटवादी माणूस या खेळात फार पुढे जात नाही.

विन यांचे हे पहिले कोडे निर्दोष होते असे मात्र नाही. 'डव्ह' हा शब्द त्यात दोनदा आला होता, एकदा पक्षी म्हणून आणि एकदा कबूतर म्हणून. आजच्या कुठल्याही संपादकाने ते परत पाठवले असते. वाचकांनी मात्र ते डोक्यावर घेतले.

चुकीने मिळालेले नाव

पुढच्या रविवारी नवे कोडे आले, त्यापुढच्या रविवारी आणखी एक. काही आठवड्यांतच छापखान्यात शीर्षकाचे दोन शब्द उलटसुलट झाले. 'वर्ड-क्रॉस'चे 'क्रॉस-वर्ड' झाले आणि तेच रूढ झाले. छापखान्यातील चुकांबद्दल संपादकांनी आजवर असंख्य दिलगिऱ्या व्यक्त केल्या असतील, पण जगभरच्या शब्दकोशांत कायमचे घर मिळालेली अशी चूक विरळाच.

छापखान्याला हे कोडे मुळीच आवडत नसे. बारीक घरे, आकडे, तिरपे आकार यांचे खिळे जुळवताना जुळाऱ्यांची दमछाक होई आणि मुद्रितशोधकांच्या नजरेतून चुका निसटत. खूण एका शब्दाची आणि घरे दुसऱ्याची असे प्रकार घडत. वाचक खवळून पत्रे लिहीत. पण कोडे वगळले की त्याहून अधिक खवळत. चुकांसह का होईना, ते त्यांना हवेच होते.

विन यांनी या काळात बरेच प्रयोग केले. वर्तुळाकार मांडणी करून पाहिली, वेगवेगळे आकार आजमावले. शब्द संपल्याची खूण म्हणून मध्ये काळी घरे टाकण्याची पद्धतही त्यांनीच आणली. सममित मांडणीचा पायाही त्यांच्याच काळात पडला. पहिल्या काही महिन्यांतच वाचक स्वतः रचलेली कोडी पाठवू लागले आणि त्यांच्यापुढे कागदांचा ढीग साचला. वाचकच लेखक झाल्याचे इतके ठळक उदाहरण त्या काळच्या वृत्तपत्रसृष्टीत क्वचितच सापडेल.

आपल्या हातून काहीतरी टिकाऊ घडले आहे याची जाणीव विन यांना झाली होती. या कल्पनेचे हक्क नोंदवावेत असे त्यांना वाटले. मालकांच्या लेखी मात्र हा चार दिवसांचा खेळ होता. त्यासाठी पैसा घालायला ते राजी झाले नाहीत. हक्क नोंदवले गेले नाहीत. पुढे या कोड्यांवर प्रकाशनसंस्था उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रांचे खप वाढले, शब्दकोशांच्या आवृत्त्या संपल्या. पण ज्याने पहिले कोडे रचले त्याला त्या कल्पनेपोटी मानधनाची एक कवडीही मिळाली नाही.

कोडे सोडवून पाहणारी संपादक

१९२१ मध्ये मार्गारेट पेदरब्रिज ही तरुणी रविवारच्या अंकाच्या संपादकांची सचिव म्हणून 'वर्ल्ड'मध्ये रुजू झाली. शब्दकोड्यांचे नावडते काम तिच्या गळ्यात पडले. सुरुवातीला ती आलेल्या कोड्यांतील दिसायला बरे ते निवडी आणि न सोडवताच छापायला देई. त्याच दैनिकातील नामवंत स्तंभलेखक फ्रँकलिन पी. ॲडम्स हे कोड्यांचे शौकीन होते. प्रत्येक चूक घेऊन ते तिच्या टेबलापुढे उभे राहू लागले. अखेर एकदा तिने स्वतः कोडे सोडवायला घेतले आणि वाचक काय सोसतात ते तिला कळले.

त्या दिवसापासून प्रत्येक कोडे छापण्यापूर्वी सोडवून पाहायचे असा दंडक तिने घातला. अगम्य शब्द कमी झाले, मांडणी सममित ठेवली गेली, आकड्यांची पद्धत सुटसुटीत झाली. विन यांनी लावलेल्या रोपट्याला शिस्त लावण्याचे श्रेय निःसंशय तिचे. पुढे मार्गारेट फरार या नावाने ती 'न्यूयॉर्क टाइम्स'ची पहिली शब्दकोडे संपादक झाली आणि १९६९ पर्यंत त्या पदावर राहिली.

१९२४ मध्ये रिचर्ड सायमन आणि मॅक्स शूस्टर या दोन तरुणांनी प्रकाशनसंस्था काढली. छापायला पुस्तक नव्हते. सायमन यांच्या एका नातेवाईक बाईंनी शब्दकोड्यांचे पुस्तक हवे असे सुचवले आणि तेच त्यांचे पहिले पुस्तक ठरले. असल्या फुटकळ पुस्तकाने नव्या संस्थेचे हसे होईल या धास्तीने त्यांनी ते दुसऱ्याच नावाने प्रकाशित केले. प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडलेली होती. त्या पुस्तकाचा खप पाहता पाहता लाखांच्या घरात गेला. अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीने प्रवाशांच्या सोयीसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. प्रतिष्ठित 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र हा वेळेचा पापमूलक अपव्यय असल्याची टीका केली. विशेष म्हणजे त्याच दैनिकाने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचे रविवारचे शब्दकोडे सुरू केले. अमेरिका महायुद्धात उतरून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, आणि बातम्यांनी धास्तावलेल्या वाचकाला घटकाभर विरंगुळा हवा होता.

मायदेशी परतलेला खेळ

विन स्वतः इंग्लंडला परतले नाहीत. त्यांचे कोडे परतले. २ नोव्हेंबर १९२४ रोजी लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'मध्ये विन यांचेच एक कोडे प्रसिद्ध झाले. ब्रिटिश वर्तमानपत्रातील ते पहिले शब्दकोडे मानले जाते. त्यातील अमेरिकी वर्णलेखन इंग्रज वाचकाला चालणार नव्हते. एक शब्द बदलायचा तर त्याला छेदणारे सगळेच बदलावे लागतात हे तेव्हा संपादकांच्या लक्षात आले.

इंग्लंडमध्ये या खेळाने वेगळे वळण घेतले. सरळ अर्थ विचारण्याऐवजी श्लेष, अक्षरांची उलथापालथ, लपवलेले शब्द अशी कूट शोधसूत्रे रुजली. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकात टॉर्केमाडा या टोपणनावाने अशी कोडी रचणारे एडवर्ड पॉइस मॅथर्स हे त्यांतले आद्य नाव. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिका' या संस्कृत काव्याचे इंग्रजी रूपांतर याच मॅथर्स यांनी केले होते. संस्कृतातील श्लेषाशी सलगी असलेल्या माणसाने इंग्रजी कोड्याला श्लेषाची दीक्षा द्यावी, हा योगायोग खासच. 'द टाइम्स'नेही १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे सुरू केले.

या खेळाला गांभीर्याने घेण्याची वेळ युद्धाने आणली. कोडी फार सोपी झाली आहेत अशी तक्रार 'डेली टेलिग्राफ'कडे आली होती. जानेवारी १९४२ मध्ये त्या दैनिकाने वाचकांना कचेरीत बोलावून १२ मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. पैजेची १०० पौंडांची रक्कम धर्मादाय कामाला जायची होती. सर्वांत आधी उत्तर देणाऱ्याच्या कागदावर एका शब्दाचे शुद्धलेखन चुकलेले निघाले आणि तो बाद झाला. इतर काही जणांनी मात्र वेळेत पूर्ण कोडे सोडवले. त्यानंतर स्पर्धकांपैकी काहींना युद्धखात्याकडून बोलावणे आले. जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात अशा डोक्यांची गरज होती. जे येते त्यावरून जे येत नाही ते शोधायचे, ही गोमुतीच्या तंतूची रीत तिथे माणसांचे प्राण वाचवणार होती.

कौशल्य की नशीब?

भारतात इंग्रजी वर्तमानपत्रांबरोबर शब्दकोडी आली आणि हळूहळू देशी भाषांतही रुळली. स्वातंत्र्याच्या आगेमागे मात्र त्यांना बक्षिसांची कीड लागली. प्रवेशशुल्क भरून कोडे पाठवायचे आणि मोठ्या रकमेची आशा धरायची असा तो प्रकार होता. एका घरात दोन-तीन शब्द सारखेच चपखल बसत. त्यांतला बरोबर कोणता ते आयोजकांनी आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेले असे. म्हणजे शब्दज्ञानाला किंमत उरत नसे, फक्त नशीब उरत असे.

बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील अशा स्पर्धेचा मुंबई राज्यात मोठा प्रसार होता. मुंबई सरकारने कायद्याने कर आणि नियंत्रण आणले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल एप्रिल १९५७ मध्ये लागला. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायद्यानेही अशा स्पर्धांवर लगाम घातला होता. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षीस नको आणि २,००० हून अधिक प्रवेशिका नकोत अशी त्यात मर्यादा होती. ज्यात यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असते त्या स्पर्धा मात्र या बंधनाबाहेर आहेत, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

त्या निकालाच्या वेळी मराठवाडा मुंबई राज्यात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. त्यामुळे मुंबई राज्याच्या नावाने लागलेला हा निकाल सिरसाळ्यालाही तितकाच लागू होता. आज रोजच्या पानावर येणाऱ्या कोड्यात ना प्रवेशशुल्क असते ना घबाड. म्हणजे विन यांनी जसे ते दिले होते, तसेच ते आज मिळते.

मराठीची चौकट

मराठीत येताना या खेळाला आपली घडण बदलावी लागली. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. त्यामुळे आडव्या शब्दातला 'ग' उभ्या शब्दातही 'ग'च हवा. तिथे 'गी' किंवा 'गो' चालत नाही. बाराखडीच्या प्रत्येक रूपाला स्वतंत्र स्थान असल्याने रचनाकाराचे हात बांधले जातात. म्हणून मराठी कोड्यात काळी घरे अधिक दिसतात आणि दोन ते चार अक्षरांचे शब्द जास्त असतात.

सोडवणाऱ्याच्या दृष्टीने याचा फायदाही आहे. तीन अक्षरी शब्दातले एक अक्षर मात्रेसह कळले की तिसरा हिस्सा उलगडलेला असतो. मात्र ऱ्हस्व-दीर्घाची फसगत इथेच होते. शुद्धलेखनाचा कंटाळा असलेल्यांनाही वेलांटी पहिली की दुसरी यावर हिरिरीने वाद घालायला लावणारे वर्तमानपत्रातले हे एकमेव सदर असावे.

अक्षरे घरांत मांडण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. भारवीच्या 'किरातार्जुनीय'मध्ये आणि माघाच्या 'शिशुपालवध'मध्ये सर्वतोभद्र नावाची रचना आहे. ती आडवी, उभी, उलट, सुलट कशीही वाचली तरी तीच राहते. घराघरांतले उखाणे आणि कूटप्रश्न तर आजीच्या तोंडून आलेले. पण सर्वतोभद्रात सगळी घरे कवीने भरलेली असतात. वाचकाने माना डोलवायच्या असतात. विन यांनी घरे रिकामी सोडली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

निरोप

'न्यूयॉर्क वर्ल्ड' हे दैनिक १९३१ मध्ये विकले गेले आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ज्या खेळाला त्याच्या चालकांनी चार दिवसांचा मानले होते, तो त्या दैनिकानंतरही जोमाने वाढत राहिला. विन यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. आयुष्याच्या अखेरीस ते फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे होते. १४ जानेवारी १९४५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय होते ७३. त्यांनी साम्राज्य उभारले नाही, खटले लढवले नाहीत. एका रविवारची जागा त्यांनी भरली, आणि ती भरताना वाचकासाठी काही घरे मोकळी ठेवली.

वर्तमानपत्रातला बहुतेक मजकूर दुसऱ्या दिवशी शिळा होतो. शब्दकोड्याचे तसे नाही. त्याची अर्धी गंमत दुसऱ्याच दिवशी असते. सिरसाळ्याच्या टपरीवर पहाटेचा गठ्ठा सुटतो तेव्हा कालचे एक घर रिकामे ठेवून गेलेला माणूस पहिल्या पानाकडे पाहत नाही. तो थेट आतले पान उलगडतो, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरातल्या कालच्या उत्तरांवरून बोट फिरवतो आणि अडलेला शब्द सापडताच कपाळावर हात मारून घेतो. मग नव्या कोड्याची घडी गुडघ्यावर बसते.